आधी नियम सांगा, मग हरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत व्हिडिओ गेमवर आलेला लेख वाचला. हल्लीचे गेम खेळणाऱ्याला चमच्याने भरवतात, जरा अवघड लढाई आली की मुलं लगेच ‘इझी’ लावून मोकळी होतात, पूर्वीचे गेम असे नव्हते, असा एकूण सूर होता. लेखकाचा जीव या खेळांवर आहे हे कळत होतं. पण त्यांनी उदाहरणं दिली ती फासे आणि नियमपुस्तकाच्या आधारावर बेतलेल्या गेमची, आणि त्यांच्याबाबत हे म्हणणं मला अजिबात पटलं नाही. का पटलं नाही ते लिहिता लिहिता पत्र लांबलं आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर शेवटची विनंती तेवढी राहू द्यावी.

मी ५३ वर्षांची आहे. मिरजेत एका शाळेत २७ वर्षं गणित शिकवते. भाचा पुण्याला नोकरीला असतो. गेल्याच्या गेल्या दिवाळीत त्याने नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना मला आणून दिला, त्यात ‘बाल्डर्स गेट ३’ होता. ‘मावशी, तू गणिताची बाई, तुला हा आवडेल’ म्हणाला. हा गेम बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या लॅरियन स्टुडिओजने केलेला, ऑगस्ट २०२३ मध्ये आलेला. त्याच्या पोटात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर बसून खेळायच्या खेळाचे नियम आहेत. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या कौशल्याचा आकडा मिळवायचा आणि बेरीज समोरच्याच्या आर्मर क्लासइतकी, म्हणजे त्याच्या बचावाच्या आकड्याइतकी, किंवा जास्त झाली की वार लागला. एवढ्यावर सगळा डोलारा.

मी धनुष्य चालवणारी बाई निवडली, कारण लांबून लढणं मला बरं वाटलं. सुरुवातीला जहाज कोसळतं आणि आपण नदीकाठच्या वाळूवर येऊन पडतो. जरा पुढे गेलं की तीन प्राणी अंगावर येतात, नुसते मेंदू, खाली चार पाय. त्यातला एक अगदी माझ्या अंगाशी येऊन भिडला. मी जागची हलले नाही. हातभर अंतरावरून बाण मारायचा तर नेम चुकेल कसा, असा माझा सरळ हिशोब. पाच बाण मारले, एक लागला. मेले. पुन्हा खेळले, पुन्हा मेले. चौथ्यांदा हरल्यावर रात्री साडेदहाला भाच्याला फोन केला. तो म्हणाला, ‘अगं, एक्स्प्लोरर मोड लाव, सोपं होईल.’

लावला. जिंकले. आणि पुढच्या तीन लढायांत तीच चूक करत राहिले, फक्त आता तिची शिक्षा होत नव्हती.

काय चुकतंय ते कळलं तेव्हा मी शाळेचे पेपर तपासत असल्यासारखी तो लढाईचा लॉग वाचत होते. पडद्याच्या कोपऱ्यात प्रत्येक वाराची नोंद बारीक अक्षरांत होत जाते. एका चुकलेल्या बाणाच्या ओळीवर माउस नेला तर आतून दोन फासे उघडले, १७ आणि ४. गेमने ४ धरला होता. मी कितीतरी वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसले. सतरा पडले होते, बाण लागला असता, पण शत्रू शेजारी उभा असताना धनुष्य वापरलं तर दोन फासे टाकून त्यातला कमी धरायचा, असा नियम आहे. याला म्हणतात डिसअॅडव्हांटेज. नियम उत्तम आहे. तलवारवाला छाताडावर बसलेला असताना प्रत्यंचा ओढून बघा म्हणजे पटेल. पण तो मला हरण्याआधी माहीत नव्हता, आणि चार वेळा हरूनही माझा मला सुचला नाही, कारण माझी सहजबुद्धी नेमकं उलटं सांगत होती.

याची किंमत किती असते ते आकड्यांत सांगते. टेबलावरच्या खेळाच्या २०१४ च्या नियमांत साध्या गॉब्लिनचा, म्हणजे बुटक्या राक्षसाचा, आर्मर क्लास १५ आहे आणि जीव, म्हणजे मार सोसायची ताकद, अवघा ७. पहिल्या लेव्हलच्या चांगल्या धनुर्धाऱ्याचा आकडा धरा ५. म्हणजे फाशावर १० किंवा जास्त हवेत. वीसपैकी अकरा बाजू चालतात, म्हणजे शक्यता ५५ टक्के. गॉब्लिन शेजारी येऊन उभा राहिला की दोन्ही फाशांवर दहा किंवा जास्त पडायला हवेत, ०.५५ चा वर्ग, ३० टक्क्यांच्या जरासं वर. याउलट आपण लपून बाण मारला तर दोन फाशांतला जास्तीचा धरतात, तेव्हा तीच शक्यता जवळजवळ ८० टक्के होते. तोच धनुर्धारी, तोच गॉब्लिन, तेच धनुष्य. दोन पावलं कुठे टाकली यावर ३० की ८० हे ठरतं. ज्याला हे ठाऊक आहे आणि ज्याला नाही, ते दोघे एकच गेम खेळत नसतात. मग एकाला तो ‘सोपा’ वाटतो, दुसऱ्याला ‘अशक्य’, आणि दुसऱ्याला आपण म्हणतो की तुझ्यात चिकाटी नाही. मला राग आला तो याचाच.

मुळात हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी आणला तेव्हा टेबलाच्या एका बाजूला एक माणूस बसलेला असायचा, अजूनही बसतो. त्याला डंजन मास्टर म्हणतात. गोष्ट तो सांगतो, राक्षसांचे फासे तो टाकतो आणि नवख्याला नियमही तोच सांगतो. मी त्या टेबलावर असते तर तो म्हणाला असता, ‘बाई, तो तुमच्या अंगाला भिडलाय, इथून बाण मारलात तर दोन फासे टाकावे लागतील. आधी मागे सरकायचंय का?’ एवढं एक वाक्य. कॉम्प्युटरवर खेळ आला तेव्हा फासे आले, राक्षस आले, नकाशे आले, पण तो माणूस मागे राहिला. माझ्या मते नवख्यांची निम्मी रडकथा यात आहे.

लेखकांनी पूर्वीच्या गेमचं कौतुक केलं म्हणून सांगते. १९८८ सालचा ‘पूल ऑफ रेडिअन्स’ घ्या. त्याच्याबरोबर छापील पुस्तिका यायची आणि गेम मध्येच सांगायचा की आता अमुक क्रमांकाची नोंद वाचा. म्हणजे मागे राहिलेल्या माणसाच्या जागी निदान कागद तरी होता. आपल्याकडे तोही पोचला नाही. माझा धाकटा भाऊ २००० साली सांगलीला इंजिनिअरिंगला होता. त्याने पहिला ‘बाल्डर्स गेट’, १९९८ सालचा, मित्राकडून कॉपी केलेल्या सीडींवर आणला. सीडी आल्या, पुस्तिका कुठून येणार? त्या काळच्या नियमांत आर्मर क्लास जितका कमी तितका चांगला. साखळ्यांच्या चिलखताचा ५, कातड्याच्या चिलखताचा ८. भावाने आपल्या लढवय्याच्या अंगावरचं साखळ्यांचं चिलखत काढून कातड्याचं घातलं, कारण ८ हे ५ पेक्षा जास्त आहेत. आणि मग एकेका लांडग्याकडून मार खात महिनाभर आम्हाला सांगत होता की हा गेम फार भारी आहे, फार हार्ड आहे. गेमच्या सुरुवातीच्या किल्ल्यात शिकवणारे भिक्षू उभे असतात हे खरं, पण इंग्रजीचे परिच्छेद त्याने पटापट क्लिक करून उरकले. तेव्हाच्या मुलांना चिकाटी होती यात शंका नाही. पण तो महिना चिकाटीत गेला की गैरसमजात, हे लेखकांनी सांगावं.

त्याच गेममध्ये पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचा जीव असतो चार, प्रकृती दणकट असेल तर फार तर सहा. पहिल्याच धर्मशाळेच्या पायऱ्यांवर मारेकरी उभा असतो आणि त्याच्याकडचा जादूचा बाण कधीच चुकत नाही. जाणकार अशा वेळी काय करतो? जादूगाराला मागे ठेवून, तिथल्या पहारेकऱ्यांना हाताशी धरून पुढे जातो. नवखा बिचारा नमस्कार करायला स्वतः जातो.

आता गणिताची शिक्षिका म्हणून मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. जुन्या नियमांत प्रत्येक लढवय्याला एक आकडा असायचा, त्याचं नाव ‘थॅको’. त्यातून समोरच्याचा आर्मर क्लास वजा करायचा, येईल तेवढे किंवा जास्त फाशावर पडायला हवेत. थॅको २०, आर्मर क्लास ४, तर १६ हवेत. आर्मर क्लास उणे झाला की उण्याची वजाबाकी, म्हणजे अधिक. सातवीतली मुलं इथे कशी अडखळतात ते मी २७ वर्षं बघते आहे. २००० साली खेळाची तिसरी आवृत्ती आली आणि हे सगळं पालटलं. तेच चिलखत आता १६ आर्मर क्लासचं म्हणायचं, फाशात आपला आकडा मिळवायचा, १६ गाठले की लागला. पडताळून बघा, शक्यता तीच राहते. वीसपैकी पाच बाजू तेव्हाही चालायच्या, आताही चालतात. लढाई तसूभरही सोपी झाली नाही, फक्त वजाबाकीच्या जागी बेरीज आली आणि मोठा आकडा म्हणजे चांगला, हे सगळ्यांना न शिकवता कळू लागलं. याला चमच्याने भरवणं म्हणायचं का? मग मीही वर्गात आयुष्यभर तेच करत आले.

‘पाथफाइंडर: किंगमेकर’ हा २०१८ सालचा आउलकॅट कंपनीचा गेम भाच्याकडे आहे, त्यावर त्याचा फार जीव. त्यात सुरुवातीलाच एका गुहेत कोळ्यांचा थवा येतो. तलवार मारा, भाला मारा, बाण मारा, काही होत नाही. नियमाप्रमाणे हे अगदी बरोबर आहे. नखाएवढ्या शेकडो कोळ्यांवर तलवार चालवून काय होणार? आम्लाच्या बाटल्या फेकायच्या, आग टाकायची. टेबलावर हे किती सुंदर होईल! मास्टर म्हणेल, ‘तुझी तलवार त्यांच्यामधून जमिनीवर आपटली, दोन मेले, उरलेले तुझ्या बाहीवर चढताहेत.’ बस, नवख्याला अंगावर काटाही येतो आणि नियमही कळतो. गेममध्ये बिचारा तलवार मारत राहतो आणि खलास होतो. त्या गेममध्ये अवघडपणा कमी-जास्त करायच्या ढीगभर सोयी आहेत. पण शत्रूचा मार निम्मा केला तरी आपल्या तलवारीचा शून्य तो शून्यच. इथे सोपेपणा उपयोगाचा नाही, एक वाक्य उपयोगाचं आहे.

एक वेगळी तक्रारही मुलं करतात, की गेम फासे खोटे टाकतो. ‘९५ टक्के दाखवत होता तरी चुकला!’ वर्गात मी हे नाण्यांवर घेते. ९५ टक्क्यांचा वार वीस वेळा केलात तर त्यात एकदा तरी चुकण्याची शक्यता ६४ टक्के आहे. आणि लढाईत वीस वार सहज होतात. ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेचे सिड मायर यांनी २०१० साली गेम तयार करणाऱ्यांच्या परिषदेत सांगितलं होतं की लढाईत तिप्पट जड असलेला खेळाडू हरला की त्याला ते अन्यायच वाटतं. आपलं मन तीनास एक, म्हणजे ७५ टक्के, हे ‘होणारच’ असं वाचतं. ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये यावर ‘कार्मिक डाइस’ नावाची सोय आहे, ती मुळात चालूच असते. सारखं सारखं वाईट पडू नये म्हणून ती फासे हलकेच सावरते. मी ती बंद केली. मुलाचं उत्तर चुकलं म्हणून मी उत्तर बदलत नाही. त्याला शक्यता समजावून सांगते. वाईट फासे पडणं हा खेळाचा भाग आहे हे कळलं की माणूस त्याची तयारी ठेवतो, औषधाची बाटली हाताशी ठेवतो, आणि तयारी ठेवणं हीच तर खरी मजा.

आता सोप्या मोडबद्दल, म्हणजेच कच्च्या लिंबाबद्दल. मिरजेत ब्राह्मणपुरीतल्या वाड्यात आम्ही अकरा पोरं लगोरी, डबा ऐसपैस, विषामृत खेळायचो. लहान भावंडं आली की ती कच्चा लिंबू. आउट झाली तरी आउट धरायचं नाही. बाहेर बसवायचं मात्र कोणाच्या मनातही यायचं नाही. ती मैदानातच असायची आणि मोठी मुलं सारखी ओरडायची, ‘आता पळ’, ‘त्या खांबामागे जा’, ‘अगं, तिकडे नको, तिकडे राज्य आहे’. पंधरा दिवसांत तेच पोर पाय आपटून म्हणायचं, मी कच्चा लिंबू नाही, मला पक्का धरा. गेममधला सोपा मोड पहिलं काम चोख करतो, आउट धरत नाही. दुसरं, ते ओरडणं, तो करत नाही. म्हणून माणूस वर्षभर कच्चाच राहतो आणि वर त्याचीच टिंगल होते. सोपा मोड लावणाऱ्यांना हसणाऱ्यांना मी एवढंच विचारते, तुम्हाला कोणीतरी ओरडून सांगितलं होतं ना? मोठा भाऊ, होस्टेलचा मित्र, कोणीतरी असणारच.

चांगलं करणारे आहेत. पॅरिसमधल्या एका छोट्या स्टुडिओने २०२१ साली ‘सोलास्टा’ नावाचा गेम आणला. त्याची सुरुवात खानावळीत होते. चार सोबती बसलेत आणि प्रत्येक जण इथवर कसा पोचलो ते सांगतो. त्या एकेका गोष्टीत आपण खेळतो आणि चालणं, लपणं, लढणं शिकतो. वर फासे डोळ्यांसमोर पडताना दिसतात. शिकवण्याची ही रीत बघून मी खरोखर खूश झाले. ‘बाल्डर्स गेट ३’ सुद्धा वाराआधी टक्के दाखवतो, तेवढं त्याला दिलं पाहिजे. पण टक्के का घसरले हे माझ्यासारखीने शोधून काढावं लागतं. त्यातली शॅडोहार्ट नावाची पुजारीण आगीची एक जादू घेऊन येते आणि नेम सारखा चुकवते. कारण तिची बाकीची शक्ती शहाणपणावर चालते आणि ती एक जादू मात्र बुद्धीवर, जी तिची बेताचीच आहे. हे मला कळायला दोन महिने लागले. तोवर मी तिलाच बोल लावत होते.

या सगळ्याचा अनुभव मी घरातच घेतला. माझ्या थोरल्या जाऊबाई ६१ वर्षांच्या आहेत, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकल्या, मेंढीकोटात त्यांचा हात कोणी धरत नाही. मला खेळताना बघून म्हणाल्या, ‘अगं, हा मेंदू चालतोय की काय?’ आणि खुर्ची ओढून बसल्या. आठवड्याभरात म्हणाल्या, मलाही दे. मी त्यांना लगेच माउस दिला नाही. हौजीच्या डब्यातले १ ते २० आकड्यांचे ठोकळे कापडी पिशवीत घातले. एक काढायचा, बघायचा, पुन्हा पिशवीत टाकायचा. परत टाकायला विसरायचं नाही, नाहीतर पुढची शक्यता बदलते. स्टीलचा पेला म्हणजे गॉब्लिन. दहा किंवा जास्त आले तर लागला. मग म्हटलं, आता तो तुमच्या शेजारी आलाय, दोनदा काढा, कमी असेल तो धरा. चार वेळा काढून झाल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, ‘मग मी आधी लांब जाते ना.’

लांब जाताना मात्र दुसरा नियम आडवा येतो. शत्रूच्या आवाक्यातून सरळ चालत निघालात की त्याला एक फुकटचा वार मिळतो. इंग्रजी शब्द सांगून काही उपयोग नव्हता. मी म्हटलं, हुतूतू. चढाई करून परतताना पाठ दाखवली की पाय धरलाच. तोंड त्यांच्याकडे ठेवून मागे सरकायचं, त्याला वेगळी खेळी खर्च होते. एका क्षणात कळलं. तिसरा नियम तर हुतूतूनेच करून ठेवलाय. काही जादू टिकवून धराव्या लागतात, एका वेळी एकच, आणि मार बसला की ती तुटू शकते. गेममध्ये त्याला कॉन्सन्ट्रेशन म्हणतात. आम्ही त्याला ‘दम’ म्हणतो. एका दमात दुसरा दम लागत नाही. आशीर्वादाची जादू चालू असताना जाऊबाई आता दुसरी दमाची जादू चुकूनसुद्धा करत नाहीत. भाचा अजून करतो.

मग त्यांना माउस दिला, आणि सोपा मोड लावला नाही. वनवासी पुजाऱ्यांच्या वस्तीच्या दारात गॉब्लिनांशी पहिली मोठी लढाई होते, तिथे त्या हरल्या. मी मागे उभी होते, काही बोलले नाही. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, ‘त्या पुजारणीला मी पाठ फिरवून पळवलं, तिथे गेली ती. आणि तो धनुष्यवाला खालीच ठेवला, वर खडकावर न्यायला हवा होता.’ दोन्ही कारणं बरोबर होती. उंचावरून मारलं तर या गेममध्ये फाशाच्या बेरजेत दोन जास्त मिळतात. दुसऱ्या खेपेला जिंकल्या. मी चार वेळा हरले तेव्हा मला एकही कारण सांगता आलं नव्हतं. गणिताच्या पेपरातही मी हेच बघते. उत्तर चुकलेलं चालतं, कुठली पायरी चुकली ते मुलाला दाखवता आलं पाहिजे. ते दाखवता येत असेल तर तो गेम कितीही अवघड असू दे. त्याच गेममध्ये नोव्हेंबर २०२३ पासून ‘ऑनर मोड’ आहे. साठवलेला खेळ (सेव्ह) एकच, सगळे मेले की संपलं, आणि मोठ्या शत्रूंना वाढीव खेळ्या. माझी त्याला काहीच हरकत नाही, पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी तो खेळणार आहे.

भाषेचं मात्र मनाला लागतं. या गेममध्ये जर्मन, फ्रेंच, पोलिश आहे, मराठी नाही. नियमांचं एकेक टिपण वकिली इंग्रजीत असतं. जाऊबाईंना जे अडलं ते डोक्यामुळे नाही, त्या शब्दांमुळे अडलं. पुण्या-मुंबईत गेम तयार करणारे स्टुडिओ आहेत, तिथे आपली मुलं काम करतात. त्यांनी आपापल्या गेमच्या सुरुवातीची दहा मिनिटं एकदा आईला किंवा आत्याला खेळायला द्यावीत, शेजारी गप्प बसावं आणि ती कुठे अडते ते लिहून काढावं. मुलगा, मित्र, भाचा यांना देऊन उपयोग नाही, त्यांना आधीच माहीत असतं.

आणि आता आपल्याला विनंती. आपल्या दैनिकात सुडोकूखाली रोज दोन ओळींत नियम छापलेला असतो, रोज, न चुकता, जणू आज कोणीतरी पहिल्यांदाच सोडवणार आहे. ती दोन ओळींची सवय मला फार मोलाची वाटते. गेमबद्दल आपण लेख छापता, तेव्हा त्याखाली तशाच दोन ओळी द्याव्यात, त्या गेममध्ये नवखा हमखास कुठे अडतो आणि तिथला नियम काय, साध्या मराठीत. सुरुवात म्हणून माझ्याकडे वहीच्या दोन पानांवर अकरा नियम लिहून तयार आहेत. जाऊबाईंनी परवा त्यात आपल्या हाताने बारावा घातला. मोठ्या मुक्कामाला ४० शिधा लागतो, मुक्काम केल्याशिवाय संपलेल्या बहुतेक जादू परत येत नाहीत, म्हणून वाटेतला पाव, कांदा, चीज काहीही सोडू नये. पाने सोबत जोडली आहेत. अक्षर लागलं नाही तर कळवावं, टाइप करून पाठवते.

आपली नम्र,
एक गणित शिक्षिका, मिरज